पिवळ्या गुळाची किंमत



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना रसायनशास्त्र शिकवले. फळ्यावर कुठलीही अभिक्रिया मांडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "किती?" किती ग्रॅम, किती अंश, किती वेळ. आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे, त्यात हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. म्हणून सरांची आठवण आधी काढली.

विषय आहे आपल्या अन्नात वरून घातल्या जाणाऱ्या पदार्थांचा. टिकण्यासाठी, रंगासाठी, गोडीसाठी, दाटपणासाठी, फुगण्यासाठी जे जे घातले जाते त्या सगळ्याला मिळून ॲडिटिव्ह म्हणतात. माझी सारी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासण्यात गेली. त्यामुळे लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचे गृहस्थ ताटातल्या पदार्थाकडे बोट दाखवून विचारतात, "साहेब, हे खाल्लेलं चालतं का?" हल्ली त्यांच्या हातात मोबाइलही असतो आणि त्यावर कुणीतरी पाठवलेली आकड्यांची यादी असते. हा नंबर कॅन्सरचा, तो नंबर डुकराच्या चरबीचा, तिसरा मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा.

अशा याद्या मोबाइलपेक्षा जुन्या आहेत. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये एक टंकलिखित पत्रक फिरू लागले. त्यावर पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ इथल्या नामांकित कर्करोग रुग्णालयाचे नाव होते. पत्रकाशी आपला काही संबंध नाही, असे रुग्णालयाने पुन्हा पुन्हा जाहीर केले. तरी त्याच्या प्रती पुढे कित्येक वर्षे युरोपभर हातोहात वाटल्या गेल्या. या यादीत सर्वांत घातक ठरवलेला पदार्थ होता ई-३३०. हा ई-३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबाच्या रसात ते शेकडा पाच-सहा असते आणि आपल्या पेशींत अन्नापासून ऊर्जा तयार होताना ते क्षणोक्षणी बनते आणि मोडते. ज्या घरात हे पत्रक पोचले असेल त्या घरातल्या आईने सरबताची बाटली फेकली असेल आणि तिच्या शेजारची भडक रंगाची गोळ्यांची पुडी तशीच ठेवली असेल. माझी तक्रार नेमकी ही आहे. भीती चुकीच्या जागी जाऊन बसली की खऱ्या धोक्याकडे आपली पाठ होते.

पाकिटावरच्या क्रमांकाला भिण्याचे कारण नाही. हळदीतल्या पिवळ्या रंगाचा क्रमांक १००, क जीवनसत्त्वाचा ३००, फळांतून काढलेल्या पेक्टिनचा ४४०, खायच्या सोड्याचा ५००. युरोपात त्याआधी 'ई' लावतात, आपल्याकडे 'आयएनएस' लिहितात; आकडा बहुधा तोच असतो. क्रमांक मिळाला याचा अर्थ तो पदार्थ कुणीतरी तपासून पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची तज्ज्ञ समिती १९५६ पासून हे काम करते. तिचे निर्णय अंतिम असतात असे नाही. ते बदलतात आणि बदलायलाच हवेत. पण ज्याला क्रमांक आहे त्याच्याबद्दल निदान वाद घालता येतो. ज्याला क्रमांकच नाही, जो कागदाच्या पुडीतून येतो आणि कढईत पडतो, त्याच्याबद्दल वाद घालायला तुमच्या हातात काहीच नसते.

या विषयावरचा एक मोठा झगडा अमेरिकेत झाला. तिथल्या कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांनी १९०२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आपल्या कचेरीच्या तळघरात एक भोजनगृह उघडले. बारा तरुण स्वयंसेवक निवडले. त्यांना उत्तम जेवण दिले जाई आणि त्यासोबत मोजून बोरॅक्स, सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोएट, फॉर्मॅल्डिहाइड. त्या काळी मांस, दूध, लोणी टिकवायला हे सर्रास वापरले जाई, आणि किती खाल्ल्यावर काय होते हे कुणालाच ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रांनी त्या तरुणांना 'विषाचे पथक' असे नाव दिले. भूक मरणे, पोटात कळा, डोकेदुखी अशा त्रासांच्या नोंदी वाढत गेल्या आणि १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. माणसांवर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण वायलींनी विचारलेला प्रश्न मला आजही मार्गदर्शक वाटतो: हा पदार्थ अन्नात घातला आहे तो खाणाऱ्यासाठी की विकणाऱ्यासाठी?

टोमॅटो केचपचे उदाहरण घ्या. त्या काळातला पुष्कळसा केचप कॅनिंगच्या कारखान्यात उरलेल्या साली-गरापासून बनत असे. तो आंबू नये म्हणून त्यात सोडियम बेंझोएट. बेंझोएटशिवाय केचप टिकणारच नाही, असे उत्पादक शपथेवर सांगत होते. मग हाइन्झ कंपनीने पिकलेले चांगले टोमॅटो घेऊन, व्हिनेगर आणि साखर वाढवून, स्वच्छ भांड्यांत बेंझोएटशिवाय टिकणारा केचप बाजारात आणला. बेंझोएट माफक प्रमाणात फार घातक आहे असे आजचे विज्ञान म्हणत नाही. क्रॅनबेरीसारख्या काही फळांत ते निसर्गतःच असते. पण तिथे ते कशावर पांघरूण घालत होते, हे या उदाहरणातून कळते. आणि त्याच्या जागी साखर आली, ही गोष्टही विसरू नये.

आता "किती" या प्रश्नाकडे येतो. एखाद्या पदार्थाची सुरक्षित मर्यादा ठरते कशी? रने त्रुओ या फ्रेंच विषशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रूढ केलेली पद्धत आजही चालते. प्राण्यांना तो पदार्थ वेगवेगळ्या मात्रांत दीर्घकाळ देतात. ज्या मात्रेपर्यंत कुठलाही दुष्परिणाम दिसत नाही ती मात्रा घेतात आणि तिला शंभराने भागतात. माणूस हा उंदरापेक्षा दहापट नाजूक असू शकेल आणि एखादा माणूस दुसऱ्या माणसापेक्षा दहापट नाजूक असू शकेल, असे धरून हे शंभर येतात. निघालेला आकडा म्हणजे दर किलो वजनामागे रोज, जन्मभर खाल्ले तरी चालेल अशी मात्रा. पद्धत सावध आहे. तिच्यात दोन उणिवा मात्र आहेत. ती एकेका पदार्थाची वेगवेगळी परीक्षा घेते, आपण मात्र एका घासात चार पदार्थ खातो. आणि दर किलो वजनामागे मोजायचे म्हटले की लहान मूल नेहमी काठावर असते. बापाने खाल्लेली एक वाटी आणि चार वर्षांच्या मुलीने खाल्लेली एक वाटी एकसारखी नसते.

हा हिशेब आपल्याच मातीतल्या एका पदार्थावर करून दाखवतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो गूळ होतो कसा, हे या सभागृहातल्या अनेकांनी पाहिले असेल, पण शहरातल्या मुलांनी पाहिलेले नाही म्हणून सांगतो. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात चिपाड जळत असते, जळव्या आच सांभाळत असतो. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचे ठेचून काढलेले चिकट पाणी त्यात टाकतात. तो चिकटा रसातला गाळ धरून वर आणतो, त्याची काळपट मळी होते आणि झाऱ्याने ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. रसाच्या आंबटपणावर तोड म्हणून चुन्याची निवळी. मग तासन् तास आटवणे, काकवीची अवस्था ओलांडणे, आणि साधारण ११८ ते १२० अंशांवर गुळव्याने थंड पाण्यात थेंब टाकून गोळी पाहणे. गोळी टणक लागली की काहील उतरते आणि रस वाफ्यात ओतला जातो. हे सगळे हाताचे, डोळ्याचे आणि नाकाचे शास्त्र आहे. मला त्याविषयी अपार आदर आहे.

असा गूळ होतो तांबूस, कधी गडद तपकिरी. उसाची जात, जमिनीतला क्षार, खत, तोडीचा दिवस यांवर त्याचा रंग ठरतो. आणि सौद्यात भाव मिळतो तो पिवळ्याधमक गुळाला. आपल्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि तिथले व्यापारी रंग बघून बोली लावतात. मुंबई-पुण्याची गृहिणीही तेच करते. तांबूस गूळ मागे राहतो, त्याला क्विंटलमागे कमी मिळते. मग काहिलीत एक पांढरी पावडर पडते. गुऱ्हाळावर तिला हायड्रोस म्हणतात. ही सोडियम हायड्रोसल्फाइट, कापडगिरणीत रंग उतरवायला वापरतात तीच. रसातल्या गडद रंगद्रव्यांचा रंग ती घालवते आणि क्षणात रस सोन्यासारखा दिसू लागतो. साठवणीत हवा लागली की हा रंग पुन्हा काळवंडतो, म्हणजे पिवळेपणा टिकतो तो जेमतेम विक्री होईपर्यंत. मागे मात्र गंधकाचा डायऑक्साइड गुळात राहतो.

कायद्याने गुळात गंधकाच्या डायऑक्साइडला किलोमागे ७० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मात्रा दर किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम. पंधरा किलो वजनाच्या मुलासाठी ती होते साडेदहा मिलिग्रॅम. मर्यादेतल्या गुळातून तेवढे पोटात जायला मुलाने दीडशे ग्रॅम गूळ खायला हवा. तेवढा रोज कुणी खात नाही. पण समजा, हायड्रोस मुठीने पडली आणि प्रमाण मर्यादेच्या पाचपट झाले. मग तीस ग्रॅम गूळ पुरतो. संक्रांतीच्या दिवसात एक गुळपोळी आणि चिक्कीच्या दोन वड्या खाणारे मूल तिथे सहज पोचते. पाक करताना यातला काही भाग उडून जातो, हे खरे. तरी दमा असलेल्या मुलाला एवढीही वाट बघावी लागत नाही. दम्याच्या शंभर रुग्णांपैकी तीन ते दहा जणांना सल्फाइटने श्वास लागतो, असे वैद्यकाचे निरीक्षण आहे. अमेरिकेत सॅलडच्या पानांवर आणि कापलेल्या फळांवर सल्फाइट फवारत असत. त्यातून काही दमेकऱ्यांचे मृत्यू झाले तेव्हा १९८६ मध्ये तिथे ताज्या भाज्या-फळांवर त्याचा वापर बंद करण्यात आला. आपल्याकडे मनुका, सुके जर्दाळू यांतही सल्फाइट असते. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांनी २२० ते २२८ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

या साऱ्यात दोष कुणाचा? गुऱ्हाळमालकाचा, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. कर्ज काढून ऊस लावलेल्या शेतकऱ्याला बाजार सांगतो की गडद रंगाला कमी भाव. कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे; रसायनाशिवाय चांगला गूळ कसा करायचा हे तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. ज्ञान आहे, हात आहेत. रंग न बघता गूळ घेणारे गिऱ्हाईक मात्र कमी आहे. पिवळ्या गुळाची किंमत आपण ठरवली आहे आणि ती आपली मुले मोजत आहेत.

इथून रंगांच्या गोष्टीकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्या ॲडिटिव्हमध्ये सर्वांत निरर्थक तेच आहेत. परिरक्षकाने बुरशी थांबते, नायट्राइटने मांसातला बॉट्युलिझमचा जीवघेणा जंतू आटोक्यात राहतो. रंगाने खाणाऱ्याचे काहीच भले होत नाही, काडीचेही नाही. जिथे फायदा शून्य आहे तिथे थोडासाही धोका मला महाग वाटतो.

आमच्या प्रयोगशाळेत रंग ओळखायची एक जुनी परीक्षा होती. नमुन्याचा अर्क पाण्यात घ्यायचा, किंचित आम्ल घालायचे आणि त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून उकळायचे. धागा काढून वाहत्या पाण्याखाली धुतला की हळदीसारखा नैसर्गिक रंग बराचसा जातो. डांबरातून काढलेला रंग धाग्याला धरून बसतो. तो अमोनियाच्या पाण्यात उकळून सोडवायचा आणि पुन्हा आम्लात दुसऱ्या धाग्यावर चढवायचा. मग कागदावर ठिपका देऊन ठिपक्याचा प्रवास मोजायचा की रंगाचे नाव कळते. जिलेबी, बुंदी, बेसन यांच्या नमुन्यांत मेटानिल यलो निघे. त्याच्या अर्कात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की पिवळ्याचे तत्काळ किरमिजी होते. आम्लात हळदही लालसर होते, पण पाणी घातल्यावर तिची लाली उतरते, मेटानिलची टिकते. मेटानिल यलो हा कापडाचा, कातड्याचा रंग आहे. अन्नात त्याला परवानगी नाही, कधीच नव्हती. केशराच्या जागी तो वापरला जातो कारण तो स्वस्त आहे आणि चिमूटभर पुरतो.

आपल्या देशात अन्नासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो फोर-आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तेही ठरावीक पदार्थांतच आणि बहुतेक ठिकाणी किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. आता मिठाईवाल्याच्या भटारखान्यात चला. दहा किलोचा घाणा आहे. मर्यादा पाळायची तर त्यात शुद्ध रंग एक ग्रॅम पडायला हवा. एक ग्रॅम तोलणारा काटा तिथे नसतो. चमचा असतो, आणि कारागिराची नजर. परवानगी असलेला रंगही मर्यादेपेक्षा जास्त पडतो तो असा, लबाडी नसतानाही.

२०२४ च्या जानेवारीत गोव्यात म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेच्या वेळी नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मनाई केली तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पुढच्या दोन महिन्यांत तमिळनाडू आणि पुदुच्चेरीने म्हातारीचे केस, म्हणजे ती गुलाबी साखरेची मिठाई, बंद केली, कारण तिच्यात ऱ्होडामिन-बी निघाला. मार्चमध्ये कर्नाटकाने आपल्या तपासणीचे आकडे जाहीर केले. गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित. म्हातारीच्या केसांच्या २५ पैकी १५. हे आकडे जत्रेतल्या पोरांच्या पोटातले आहेत. ऱ्होडामिन-बी हा कापड आणि कागद रंगवण्याचा रंग; त्याला अन्नात कुठेही जागा नाही.

आणि परवानगी असलेल्या रंगांचे काय? २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले घेऊन एक प्रयोग केला. मुलांना कधी कृत्रिम रंगांचे मिश्रण आणि सोडियम बेंझोएट घातलेले पेय, कधी दिसायला तसेच पण त्यांविना. कधी काय दिले हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना ठाऊक नव्हते. रंगाचे पेय पीत असताना मुलांत चंचलता सरासरीने वाढलेली दिसली. फरक लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि दोष रंगांचा की बेंझोएटचा हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. म्हणून मुलाच्या प्रत्येक खोडीचे खापर रंगावर फोडू नये. पण युरोपने जुलै २०१० पासून त्या प्रयोगातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या वर्तनावर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापणे सक्तीचे केले. बऱ्याच कंपन्यांनी इशारा छापण्याऐवजी रंगच बदलला. बीट, गाजर, हळद, लाल सिमला मिरची यांपासून रंग काढता येतो, हे त्यांना एकाएकी जमले. तसा इशारा आपल्याकडेही हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावाबद्दल थोडे. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव, बन, पिझ्झा-बर्गरचे पाव असे ३८ नमुने तपासले आणि त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. ब्रोमेटने मैद्यातला चिवट घटक घट्ट होतो, पाव उंच आणि लुसलुशीत फुगतो. नीट भाजला तर बहुतेक ब्रोमेटचे निरुपद्रवी ब्रोमाइड होते. जास्त पडले किंवा भट्टी कमी तापली तर ते उरते. १९८० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांना त्यामुळे उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी आढळल्या होत्या. ब्रिटनने १९९० मध्ये ते बंद केले. आपल्याकडे ते बंद झाले जून २०१६ मध्ये, त्या अहवालानंतर महिन्याभरात. याचा अर्थ शास्त्र माहीत होते, बाकीच्यांनी निर्णय घेतला होता, आणि वडापाव-मिसळीवर वाढलेल्या आपल्या मुंबई-पुण्याने मधली वर्षे विनाकारण ते खाल्ले. ब्रोमेटचे काम क जीवनसत्त्वाने होते. गोव्याचे पोदेर तर पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ फुगवत.

आपण नेहमीच मागे होतो असे मात्र नाही. शीतपेयात संत्र्याचे तेल तरंगते ठेवण्यासाठी ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल घालत. भारताने ते १९९० मध्ये बंद केले. अमेरिकेने त्यासाठी २०२४ साल उजाडू दिले. उलट एरिथ्रोसिनची मान्यता अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली, आणि तो आपल्या आठ रंगांत आहे.

ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते त्या तीन पदार्थांवर थोडक्यात. पहिला अजिनोमोटो. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या सुपातून ही चव देणारा ग्लुटामेट वेगळा काढला. तोच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि सुक्या मासळीत असतो. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या वाचकाच्या पत्रावरून त्याची बदनामी सुरू झाली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत ती टिकली नाही. रिकाम्या पोटी खूप घेतला तर काही जणांचे डोके दुखते, एवढेच म्हणता येते. दुसरा ॲस्पार्टेम. जुलै २०२३ मध्ये त्याला 'कर्करोगजनक असण्याची शक्यता' या गटात टाकले गेले आणि त्याच दिवशी तज्ज्ञ समितीने रोजची मात्रा दर किलोला ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला डाएट पेयाचे नऊ ते चौदा कॅन लागतात. कर्करोगापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितले आहे. तिसरा नायट्राइट, सॉसेज-सलामीतला. इथे पुरावा भक्कम आहे. प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हे २०१५ मध्ये जाहीर झाले. मुलांच्या डब्यात ते रोज देऊ नये.

आता जे नवे संशोधन मला अस्वस्थ करते त्याकडे. आइस्क्रीम, सॉस, पॅकबंद केक यांत तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ असतात. त्यांतल्या दोघांनी, क्रमांक ४३३ आणि ४६६ यांनी, उंदरांच्या आतड्याचे श्लेष्म-अस्तर पातळ केले आणि तिथले जंतू बदलले, असे २०१५ मध्ये दिसले. पुढे मोजक्या स्वयंसेवकांवर ४६६ ची चाचणी झाली आणि माणसाच्या आतड्यातल्या जंतूंची विविधताही घटलेली आढळली. त्या चाचणीतली मात्रा रोजच्या खाण्यापेक्षा मोठी होती, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण आपल्या सुरक्षित मात्रा ठरल्या तेव्हा आतड्यातल्या जंतूंचा विचार कुणी केलाच नव्हता. ते काम आता करावे लागेल.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवले. दोन आठवडे कारखान्यातले तयार अन्न, दोन आठवडे घरच्यासारखे रांधलेले. दोन्हींत समोर ठेवलेली साखर, मीठ, चरबी, तंतू यांचे प्रमाण जुळवलेले. हवे तेवढे खायची मुभा. तयार अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. यात कुठल्या एका ॲडिटिव्हला दोषी ठरवता येत नाही. पण रंग, चव, पोत, टिकाऊपणा हे सगळे ॲडिटिव्हमुळे शक्य होते, आणि त्यातून असे अन्न तयार होते की हात थांबत नाही. एकेक पदार्थ मर्यादेत असूनही सगळ्यांचे मिळून जे ताट होते ते शरीराला झेपत नाही. कायदा एकेका पदार्थाकडे बघतो; ताटाकडे बघणारा कायदा अजून कुठल्याच देशात नीट झालेला नाही.

आणि ज्याच्या दुष्परिणामाचा पुरावा सर्वांत जुना, सर्वांत पक्का आहे, त्याला आपल्या कुठल्याच घाबरवणाऱ्या यादीत जागा नसते. ते मीठ. रोज पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण, नूडल्स आणि जेवताना वरून घेतलेली चिमूट मिळून आपण कितीतरी पुढे जातो. रक्तदाब आणि पक्षाघात यांनी खचलेली घरे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. नूडल्सच्या पाकिटावर अजिनोमोटो शोधणारे डोळे त्याच पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचत नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

शेवटी आपल्या हातात काय आहे ते सांगतो. पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिल्या तिघांत साखर किंवा मैदा असेल तर पुढचे क्रमांक वाचायचे कष्ट घेऊ नका, पाकीट ठेवून द्या. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत छापली की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ती मराठीत हवी, ही मागणी आपल्या ग्राहक संघटनांनी लावून धरावी. मिठाई घेताना रंग न घातलेली मागा. दहा जणांनी मागितली तर अकराव्यासाठी ती आपोआप तयार असते. गूळ तांबूस घ्या आणि त्याला पिवळ्यापेक्षा दोन पैसे जास्त द्या.

आणि सुट्या पदार्थाबद्दल संशय आला तर गप्प बसू नका. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातले कलम ४० अधिकाऱ्यांसाठी नाही, ते तुमच्यासाठी आहे. कुठलाही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. पदार्थ कायद्याच्या विरुद्ध निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. माझ्या नोकरीच्या काळात अधिकाऱ्यांनी आणलेल्या नमुन्यांच्या मानाने सामान्य ग्राहकाने आणलेले नमुने फारच थोडे होते. हे कलम वापरा.